म्हाताऱ्या मांजराला कुत्र्यांनी धरलं तर काय करायचं: पहिल्या तासापासून टाके निघेपर्यंत

कुत्र्याने धरलेलं मांजर स्वतःच्या पायाने घरी आलं, कॉटखाली जाऊन गप्प बसलं, अंगावर दोनच बारीक भोकं दिसतायत आणि रक्तही फारसं नाही, म्हणून "सकाळी बघू" असं करू नका. हे सगळ्यात आधी लिहितेय कारण आमच्याकडे नेमकं हेच झालं होतं.

आम्ही ऐरोलीला रो हाउसमध्ये राहतो, तळमजला, पुढे छोटं अंगण आणि ग्रील. आमची ठमी तेव्हा १३ वर्षांची, म्हणजे माणसाच्या हिशोबाने साधारण ६८. जुलैचा महिना, रात्रीचे साडेदहा, पाऊस, ती ग्रीलमधून बाहेर गेलेली आणि गल्लीत दोन कुत्र्यांनी तिला गाठलं. वॉचमन दादांनी काठी आपटून सोडवलं. घरात आली ती चालतच आली, थोडी लंगडत, आणि सरळ कॉटखाली. सासूबाई म्हणाल्या, "अगं, आधी हळद लाव, रक्त थांबेल." नवरा म्हणाला, "शांत बसलीये ना, झोपू दे." मलाही तेच बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. तासाभराने टॉर्च मारून पाहिलं तर तिचं पोट भराभर वरखाली होत होतं आणि हिरड्या पांढुरक्या दिसत होत्या, तेव्हा पळालो.

मांजर दुखणं लपवतं. म्हातारं मांजर तर जास्तच, कारण ते तसंही दिवसभर झोपून असतं, त्यामुळे आपल्याला फरक कळत नाही. आणि कुत्र्याचा चावा कसा असतो ते समजून घ्या: कुत्रा दात रुतवतो आणि मग झटके देतो. मांजराची कातडी सैल असते, ती दाताबरोबर सरकते, म्हणून वर भोक छोटंच राहतं पण आत कातडी मांसापासून सुटलेली असते, स्नायू चिरडलेले असतात, बरगडी मोडलेली असू शकते, फुप्फुसाला मार असतो, पोटाचा पडदा फाटलेला असू शकतो. वरून दिसतं ते दोन आण्याचं, आत रुपयाचं नुकसान. म्हणून जखम मोजायची नाही, मांजर बघायचं.

घरातली पहिली दहा मिनिटं

मागे धावू नका. कॉटखालून ओढून काढू नका. खोलीचं दार बंद करा, पंखा बंद, बाकी लोकांना बाहेर काढा, आणि मग जाडसर टॉवेल अंगावर टाकून सगळं मांजर टॉवेलसकट उचला. मानेची कातडी धरून उचलायचं नाही, तिथेच दात लागलेले असतात बऱ्याचदा. मागचे पाय ओढत असेल किंवा उठताच येत नसेल तर पाठीला मार असू शकतो, मग पोळपाट, मोठा ट्रे, पुठ्ठा जे सपाट हाताशी येईल त्याच्यावर हळूच सरकवून घ्या.

आणि एक, तुमचं कितीही लाडकं असलं तरी दुखत असताना ते चावतं. ठमीने तेरा वर्षांत कधी नख लावलं नव्हतं, त्या रात्री माझ्या अंगठ्याच्या मुळाशी दात रुतवले. त्याबद्दल खाली लिहिलंय, ते वगळून वाचू नका.

रक्त वाहत असेल तर स्वच्छ सुती कापड किंवा गॉज दाबून धरा, सलग पाच ते दहा मिनिटं, मध्ये मध्ये उचलून "थांबलं का" बघायचं नाही, उचललं की जमलेली गुठळी निघते आणि परत सुरू. कापड भिजलं तर त्याच्यावर दुसरं ठेवा. छातीवर भोक असेल आणि श्वासाबरोबर त्यातून हवेचा फुसफुस आवाज येत असेल तर स्वच्छ प्लॅस्टिक, अगदी पोळ्या गुंडाळायची क्लिंग फिल्मसुद्धा चालेल, त्याच्यावर हाताने धरून ठेवा आणि निघा. पोटातून आतडं बाहेर दिसत असेल तर आत ढकलायचं नाही, सलाईनमध्ये भिजवलेलं स्वच्छ कापड त्याच्यावर ठेवायचं, सुकू द्यायचं नाही.

आता नाही करायच्या गोष्टी, आणि यात आपल्या घरांमध्ये सगळ्यात जास्त चुका होतात. हळद नको, चहा पावडर नको, तूप नको. डेटॉल तर अजिबात नको, त्यातलं औषध मांजराच्या लिव्हरला झेपत नाही आणि मांजर अंग चाटणारच, म्हणजे ते पोटात जाणारच. हायड्रोजन पेरॉक्साइडने जखम फसफसते ती बघून आपल्याला वाटतं साफ झाली, पण चांगलं मांसही जळतं. काहीच हाताशी नसेल तर काही लावू नका, तसंच न्या. आणि माणसांची पेनकिलर कुठलीही नाही. क्रोसिन, डोलो, कॉम्बिफ्लाम, काहीही नाही. पॅरासिटामॉलची एक गोळी मांजराचा जीव घेऊ शकते, कारण ते औषध पचवून बाहेर टाकायची व्यवस्था मांजराच्या शरीरात जवळपास नसतेच, रक्त तपकिरी पडतं, ऑक्सिजन वाहून नेईनासं होतं. "अर्धीच दिली, लहान मुलाचा डोस दिला" असं म्हणणारे भेटतात. पावही देऊ नका.

खायला प्यायला देऊ नका, भूल द्यावी लागू शकते. पण ऊब द्या. मार लागलेलं मांजर थंड पडतं, कान आणि पंजे गार लागतात, म्हाताऱ्याचं तर लवकरच. कोमट पाण्याची बाटली टॉवेलात गुंडाळून बाजूला ठेवा, अंगाला थेट चिकटवू नका.

लगेच म्हणजे आत्ता, कधी

तोंड उघडं ठेवून श्वास घेत असेल तर एक मिनिट घालवायचं नाही. मांजर कुत्र्यासारखं जीभ काढून धापा टाकत नाही, टाकलं तर जीवावर आहे असं समजा. हिरड्या पांढऱ्या, करड्या किंवा निळसर. हिरडीवर बोट दाबून सोडलं की गुलाबी रंग दोन सेकंदांच्या आत परत यायला हवा, येत नसेल तर. पोट फुगतंय किंवा दाबलं की ओरडतं. शेपटी लुळी पडलीये, कारण शेपटी धरून ओढलं असेल तर मणक्याच्या टोकाच्या नसा ताणल्या जातात आणि त्याच नसांवर लघवीचा ताबा असतो. डोळ्याची एक बाहुली मोठी एक लहान. मागचे पाय गार आणि लुळे.

यातलं काहीच नसेल तरी त्याच दिवशी न्यायचं आहे. फरक फक्त एवढाच की कपडे बदलून, फोन करून, पैसे घेऊन निघायला वेळ आहे.

कुठे न्यायचं हे आज शोधून ठेवा

हे मी हात जोडून सांगते, कारण रात्री साडेअकरा वाजता पावसात फोनवर शोधत बसायची वेळ मी भोगलीये. ऐरोली, घणसोली, कोपरखैरणे, नेरूळ, खारघर, तिकडे ठाण्यात नौपाडा, वर्तकनगर, घोडबंदर रोड, सगळीकडे व्हेट आहेत, पण बरेचसे क्लिनिक रात्री बंद होतात, आणि "२४ तास" असा बोर्ड असला तरी रात्री तिथे डॉक्टर असतोच असं नाही. म्हणून दिवसा फोन करून चार प्रश्न विचारून ठेवा: रात्री डॉक्टर स्वतः असतात का, ऑक्सिजन आहे का, एक्स-रे आणि सोनोग्राफी तिथेच होते का, ॲडमिट केलं तर रात्री जनावराजवळ माणूस थांबतो का. चारही उत्तरं हो असतील असं एक ठिकाण आणि जवळचं एक, असे दोन नंबर फ्रिजवर लावा. परळला बैलघोडा हॉस्पिटल आहे, शंभर वर्षांहून जुनं, शेजारीच व्हेटर्नरी कॉलेज, खर्च झेपत नसेल तर तो रस्ता लक्षात ठेवा, पण इथून तिथे जायला वेळ लागतो, म्हणून आधी जवळ रक्त थांबवून, श्वास स्थिर करून मगच. आणि पावसाळ्यात ऐरोलीहून ठाण्याला निघताना विटाव्याच्या रेल्वे पुलाखाली पाणी भरलंय का ते आधी विचारा, आम्ही तिथेच अडकून मागे फिरलो आणि मग ऐरोली पुलावरून मुलुंडला गेलो. त्यात पाऊण तास गेला.

कॅरिअर वरून उघडणारा घ्या, जखमी मांजराला पुढच्या छोट्या दारातून कोंबता येत नाही. नसेल तर भाजीचा प्लॅस्टिक क्रेट, वर चादर बांधून. रिक्षात मांडीवर मोकळं कधीच नाही.

डॉक्टरांकडे काय विचारायचं

आम्ही त्या रात्री आधी जवळच्या एका क्लिनिकमध्ये गेलो होतो. तिथे वरवर बघितलं, अँटिबायोटिकचं इंजेक्शन दिलं, "दोनच पंक्चर आहेत, घरी न्या" म्हणाले. केस कापले नाहीत, छातीला स्टेथोस्कोप लावला नाही. तिचा श्वास बघून माझं समाधान होईना म्हणून आम्ही तसेच पुढे मुलुंडला गेलो, तिथे केस कापल्यावर दोनाची अकरा भोकं निघाली, आणि एक्स-रेमध्ये एक बरगडी मोडलेली. हे भांडण काढायला सांगत नाहीये. तुम्ही विचारलंच पाहिजे म्हणून सांगतेय.

तर विचारा. केस कापून पूर्ण अंग बघाल का. छातीचा आणि पोटाचा एक्स-रे काढायचा का. सोनोग्राफीत पोटात किंवा छातीत पाणी, रक्त दिसतंय का. मूत्राशय शाबूत आहे का, कारण मूत्राशय फाटलेलं असलं तरी मांजर थोडी लघवी करू शकतं, त्यावर जाऊ नका. आणि म्हातारं आहे म्हणून रक्ततपासणी: हिमोग्लोबिन, क्रिएटिनिन आणि युरिया (हे दोन किडनीचे आकडे), शुगर. शुगर वाढलेली आली तर लगेच डायबेटिस झाला म्हणून घाबरू नका, मांजराची शुगर नुसत्या ताणानेही वर जाते, परत तपासायची.

किडनीचा रिपोर्ट का महत्त्वाचा ते सांगते. दहा-बारा वर्षांच्या पुढे खूप मांजरांच्या किडन्या थकलेल्या असतात आणि घरच्यांना पत्ताच नसतो. अशात मार लागून रक्तदाब पडला की किडनीला रक्त कमी मिळतं, त्यातच मेलॉक्सिकॅमसारखं सूज उतरवणारं औषध दिलं तर उरलेली किडनीही बसू शकते. म्हणून पेनकिलर द्यायचीच, दुखत ठेवायचं नाही, पण कुठली आणि कधी हे क्रिएटिनिन बघून आणि सलाईन देऊन अंगातलं पाणी भरून आल्यावर ठरतं. ब्युप्रेनॉर्फिन, गॅबापेंटिन अशी दुसरी औषधं असतात, त्यांचं नाव काढून विचारा, डॉक्टर रागावत नाहीत. मांजराला आधीपासून थायरॉइड, हृदय, डायबेटिस काही असेल, रोजची गोळी सुरू असेल, तर ती पट्टीच बरोबर न्या. हृदय कमजोर असलेल्या मांजराला सलाईन भसाभस चढवलं तर छातीत पाणी होतं, त्यामुळे हे त्यांना माहीत असणं फार गरजेचं.

पहिले ४८ तास ॲडमिट ठेवा म्हणाले तर ठेवा. फुप्फुसाला लागलेला मार पहिल्या दिवशी कमी दिसतो आणि दुसऱ्या दिवशी वाढतो. कातडीचंही तसंच, जी मरणार ती तीन ते पाच दिवसांनी काळी, कडक पडायला लागते, मग परत साफ करावी लागते. टाके सगळे एकदम घालत नाहीत, घाण जखम बंद केली तर आत पू होतो, म्हणून रबराची नळी ठेवतात, ड्रेन. ते बघून घाबरायचं नाही.

रेबीज: मांजराचं आणि तुमचं

मांजराला दरवर्षीची रेबीजची लस झालेली असेल तर कार्ड न्या, चावल्यावर परत बूस्टर देतात. लस झालेली नसेल तर ते डॉक्टरांना पहिल्या वाक्यात सांगा, चावल्यानंतरचा कोर्स आणि वेगळं ठेवायचं ते ते ठरवतील. कुत्रं ओळखीचं आहे का बघा. कानाला कट असेल तर नसबंदी झालेली आहे आणि त्या वेळी लसही दिलेली असते, पण ती कधी दिली ते कानावरून कळत नाही. दहा दिवस ते कुत्रं जिवंत आणि नीट आहे का हे वॉचमनला, रोज खायला घालणाऱ्या माणसाला विचारत राहा. त्यांना दोष देत जाऊ नका, त्यांच्याकडूनच खबर मिळते, आमच्या गल्लीतल्या काकूंनी रोज सकाळी फोन करून सांगितलं, "दोन्ही आहेत गं, खाल्लं."

आता तुमचा हात. मांजर चावलं किंवा ओरबाडून रक्त आलं की वाहत्या नळाखाली साबण लावून घड्याळ बघून १५ मिनिटं धुवायचं. १५ म्हणजे १५. मग मांजराला दुसऱ्याकडे देऊन दवाखान्यात, रेबीजचं इंजेक्शन महापालिकेच्या हॉस्पिटलमध्ये मिळतं. रक्त आलेलं असेल तर लसीबरोबर जखमेत द्यायचं सीरमही लागतं, ते मागा. शिवाय मांजराचा दात सुईसारखा असतो, जंतू खोल जातात, माझा हात दुसऱ्या दिवशी सकाळी मनगटापर्यंत सुजला होता, अँटिबायोटिक घ्यावी लागली. घरचंच मांजर आहे म्हणून सोडून देऊ नका, त्याला नुकतंच बाहेरच्या कुत्र्याने चावलेलं आहे.

घरी आणल्यावर

एक खोली, दार बंद. बाथरूममध्ये ठेवू नका, ओल असते. आम्ही ओळखीच्यांकडून कुत्र्याचा मोठा पिंजरा आणला, त्यात खाली जुनी गोधडी चौघडी घालून, वर युरिन शीट, एका कोपऱ्यात वाटी आणि दुसऱ्या कोपऱ्यात ट्रे. मोकळं सोडलं तर कपाटावर उडी मारायला जातं आणि टाके उसवतात. म्हाताऱ्या मांजराचे सांधे आधीच आखडलेले, त्यामुळे ट्रेची कड कमी हवी, मी एका प्लॅस्टिकच्या ट्रेची पुढची बाजू गरम सुरीने कापली. लिटरचे दाणे ओल्या जखमेला चिकटतात, तेवढे दिवस फाडलेला पेपर घाला.

पावसाळ्यात सगळ्यात मोठा शत्रू माशी. उघड्या जखमेवर माशी बसली, अंडी घातली की एका दिवसात अळ्या. पिंजऱ्यावर बाळाची मच्छरदाणी टाका, जखमेला वास येतोय का दिवसातून दोनदा नाक जवळ नेऊन बघा. अळी दिसली तर टर्पेंटाइन, फिनेल, कापूर, कडुनिंबाचं तेल असलं काही ओतायचं नाही, सरळ डॉक्टर. कॉइल खोलीत लावू नका, मार लागलेल्या फुप्फुसाला धूर सोसत नाही. आणि कुत्र्यांचं गोचिडाचं औषध मांजराला कधीच नाही, त्यात पर्मेथ्रिन असलं तर मांजराला झटके येतात.

चाटू नये म्हणून गळ्याभोवतीची शंकूसारखी कॉलर लागतेच. ठमी कॉलर घालून पुतळ्यासारखी बसायची, खायची नाही, तर सासूबाईंनी माळ्यावरून मुलाचं जुनं मलमलचं झबलं काढलं, मागे बंद बांधायचं, पुढच्या पायांना बाह्या बरोब्बर. छातीपाठीच्या जखमेला ते उत्तम, हवा खेळते. रोज धुतलेलं घालायचं, दोन-तीन लागतात. पायाला, पोटाच्या खाली जखम असेल तर मात्र कॉलरच, जेवताना तुमच्या डोळ्यांसमोर काढा आणि परत घाला.

जखम साफ करायला मेडिकलमधून ५०० मिलीची नॉर्मल सलाईनची बाटली, गॉज, आणि सिरिंज, सुई नाही. कापूस नको, त्याचे धागे अडकतात. सलाईन थोडं कोमट करून सिरिंजने हळू धार सोडायची, कडेची खपली सुटेल तेवढी गॉजने टिपायची, ओढायची नाही. बेटाडिन सांगितलं असेल तर फिक्क्या चहाच्या रंगाइतकं पातळ करून. ड्रेनमधून गुलाबी पाणी येणं नॉर्मल आहे, ते आलंच पाहिजे. घट्ट पिवळं हिरवं, घाण वास, किंवा एकदम बंद होऊन जागा फुगली तर फोन. ड्रेन साधारण तीन ते पाच दिवसांत आणि टाके १० ते १४ दिवसांत काढतात, म्हाताऱ्याची कातडी हळू जुळते म्हणून थोडे जास्तही लागतात.

गोळी दिल्यावर सिरिंजने पाच-सहा मिली पाणी गालातून द्या. हे बहुतेक कोणी सांगत नाही. कोरडी गोळी मांजराच्या अन्ननलिकेत अडकून बसते, डॉक्सिसायक्लिन अडकली तर तिथे जखम होऊन नळीच अरुंद होते. अँटिबायोटिकचा कोर्स, बरी दिसतेय म्हणून मध्ये थांबवायचा नाही.

जखमेपेक्षा वाटीकडे बघा

म्हाताऱ्या मांजराची जखम भरते, डॉक्टर आणि टाके आपलं काम करतात. मांजर हातचं जातं ते न खाण्याने. मांजर दोन-तीन दिवस खाल्ल्याशिवाय राहिलं की अंगातली चरबी लिव्हरमध्ये साठायला लागते आणि लिव्हर बसतं, जाड मांजराचं तर जास्त लवकर. म्हणून माझा नियम असा: २४ तास काहीच खाल्लं नाही तर डॉक्टरांना फोन, ४८ तासांपर्यंत वाट बघायचीच नाही. चार किलोच्या मांजराला दिवसाला साधारण २०० ते २५० कॅलरी लागतात, पाकिटावर लिहिलेलं असतं, त्याचा हिशोब ठेवा, "थोडं चाटलं" हा हिशोब नाही.

खात नसेल तर आधी कारण शोधा. दुखतंय का, मळमळतंय का (ओठ चाटणं, लाळ, वाटीजवळ येऊन तोंड फिरवणं ही मळमळ), नाक भरलंय का, जबड्याला लागलंय का. मळमळीचं आणि भुकेचं औषध असतं, मागा. मग जेवण कोमट करा, वासावरच मांजर खातं. ओलं पाऊच, उकडलेलं चिकन कुस्करून त्याचंच पाणी घालून, मीठ कांदा लसूण काहीही न घालता, कांदा-लसूण मांजराला विष आहे. ठमीने तिसऱ्या दिवशी पहिल्यांदा जे तोंडात घेतलं ते उकडलेले ताजे बोंबील, मधला काटा काढून, बोटावर. वाटीतलं नाहीच खाल्लं, बोटावरचं खाल्लं. मी फरशीवर बसून अर्धा तास एक एक घास देत होते आणि सासूबाई दारात उभ्या राहून "खातेय, खातेय" असं हळू आवाजात स्वतःशीच म्हणत होत्या.

किडनीचं पथ्याचं खाणं याच आठवड्यात सुरू करायचा हट्ट धरू नका. आत्ता जे खाईल ते, पथ्य नंतर, डॉक्टरांशी बोलून.

सिरिंजने भरवायचं असेल तर डोकं सरळ, गालाच्या बाजूने, एकेक मिली, गिळल्यावर पुढचं. मान वर करून ओतलं तर फुप्फुसात जातं. ओरडत असेल, तोंड फिरवत असेल तर जबरदस्ती थांबवा, नाहीतर त्या अन्नाचाच त्याला कायमचा तिटकारा बसतो. अशा वेळी डॉक्टर मानेतून फीडिंग ट्यूब घालायची म्हणतात आणि आपण "नको, किती हाल करायचे" म्हणतो. नकार देण्याआधी नीट विचारून घ्या, ट्यूबमुळे जेवण आणि औषध दोन्ही न झगडता जातं, आणि मांजर ट्यूब असतानाही स्वतः खाऊ शकतं.

लघवीवर नजर. २४ तासांत लघवी नाही म्हणजे इमर्जन्सी, बोका असेल तर त्याच्याही आधी. तीन दिवस शी नाही तर सांगा, पेनकिलरने आणि कमी पाण्याने कोठा बसतो. उठतच नसेल तर दर तीन-चार तासांनी कूस बदला, शीट ओली राहू देऊ नका. स्वतःला चाटता येत नाही म्हणून तोंड, डोळे, शेपटीखालची जागा कोमट ओल्या फडक्याने पुसून घ्या, त्याने मांजराला फार बरं वाटतं, ठमी तेवढ्या वेळात घुरघुरायची. (घुरघुर म्हणजे बरं आहे असं मात्र धरू नका, दुखत असतानाही मांजर घुरघुरतं.)

एक वही करा. डोक्यात राहत नाही, घरात तीन माणसं तीन गोष्टी सांगतात. माझ्या वहीतलं एक पान असं आहे:

"सकाळी ७.१० झोपेत श्वास २८. हिरड्या गुलाबी. बोंबील दीड. अँटिबायोटिक दिली, वर पाणी ६ मिली. ९.३० लघवी, नेहमीएवढी. ड्रेन गुलाबी, वास नाही. दुपारी २ चिकन पाणी १५ मिली. आईंच्या हातून. ४.०० श्वास २६. वजन ३.१. रात्री काही खाल्लं नाही, ओठ चाटतेय, डॉक्टरांना मेसेज."

झोपेतला श्वास मोजायची सवय लावा, एक मिनिट पोट किती वेळा वर जातं ते. ३० च्या आत हवा. दोनदा मोजून सतत ३० च्या वर, किंवा रोजच्यापेक्षा एकदम वाढला तर फोन करायचा. ताप १०२.५ फॅरेनहाइटच्या वर किंवा १०० च्या खाली तर फोन. वजन रोज एकाच काट्यावर, मी बाळाचा काटा भाड्याने आणला होता.

टाके निघाल्यावर काम संपत नाही. दोन-तीन आठवड्यांनी क्रिएटिनिन परत करून घ्या, किडनीला बसलेला धक्का तेव्हा कळतो. ठमीचं थोडं वाढलेलंच राहिलं, आता तिला ओलं खाणं आणि घरात चार ठिकाणी पाण्याच्या वाट्या. मांजराशी मांजराची मारामारी झाली असेल तर वेगळा त्रास असतो, दोन-चार दिवसांनी गळू होतं, ताप येतो, आणि चाव्यातून एफआयव्ही (मांजरांची प्रतिकारशक्ती कमी करणारा विषाणू) पसरतो, त्याची टेस्ट साधारण दोन महिन्यांनी करायची.

आणि ग्रील. म्हातारं मांजर बाहेर जातं पण संकट आल्यावर झाडावर, भिंतीवर चढू शकत नाही, ऐकूही कमी येतं, हे लक्षात घेऊन त्याला रात्री बाहेर सोडणं बंद करा. आम्ही अंगणाच्या ग्रीलला आतून एक इंची वेल्डमेश मारली, नायलॉनची कबुतराची जाळी मांजर दातांनी कुरतडतं म्हणून ती घेतली नाही. खालची फट, जिथे पाणी जायला जागा सोडलेली असते, ती विसरू नका, ठमी तिथूनच जायची. आता संध्याकाळी ती त्या जाळीमागे पाटावर बसते, झबलं घालून नाही, पण पाठीवर केस अजून बारीक आहेत, आणि गल्लीतलं येणंजाणं बघते.